पोळ्यानंतरची परसबाग आणि तिथे भेटणारे जीव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरत आला की घरामागची वाडी ओळखू येत नाही. गवत कंबरेएवढं वाढलेलं, कुंपण वेलींनी झाकलेलं, वांग्याच्या झाडांखाली काय दडलंय ते दिसत नाही. हिवाळी भाजीपाल्याची सगळी तयारी याच महिना-दीड महिन्यात करायची असते, आणि साप, सरडे, कोळी, अळ्या, पाखरं यांची वाडीतली गर्दीही याच दिवसांत सर्वांत जास्त असते. म्हणून कोणतं काम आधी करायचं आणि कोणतं मागे ठेवायचं, याला आम्ही फार महत्त्व देतो. वर्धा, यवतमाळ, अमरावतीच्या काळ्या जमिनीतून आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूरच्या धानपट्ट्यातून हेच प्रश्न दरवर्षी येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

पोळा झाला. आता लगेच वाडी साफ करायला घ्यावी का?

‘आला पोळा, पाऊस झाला भोळा’ असं आपल्याकडे म्हणतात, पण भोळा झालेला पाऊस गेलेला नसतो. उत्तरा आणि हस्त ही दोन नक्षत्रं, म्हणजे साधारण १३ सप्टेंबरपासून १० ऑक्टोबरपर्यंतचे दिवस, अजून बाकी असतात. हस्ताचा, म्हणजे हत्तीचा पाऊस एका रात्रीत वाफे बसवून टाकतो. काळ्या भारी जमिनीत ओलं असताना फावडं घातलं तर ढेकळं होतात आणि ती ऑक्टोबरच्या उन्हात विटेसारखी वाळतात. वाफसा येईपर्यंत जमिनीला हात लावू नका. मूठभर माती दाबून सोडा. गोळा फुटला तर खणायला हरकत नाही. चिकटून राहिला तर आणखी दोन-चार दिवस थांबा.

धानपट्ट्यातल्या सिहार-मोरंड मातीत वाफसा लवकर येतो. तिथले लोक आठवडाभर आधी सुरुवात करू शकतात.

तोवर करण्यासारखी कामं भरपूर आहेत: बियाणं निवडणं, चर मोकळे करणं, कोठ्यामागचं कुजलेलं शेणखत चाळून ठेवणं, वालाचा मांडव आवळणं.

गवत कापायचं कसं? मजूर लावून एका दिवसात उरकलं तर?

एका दिवसात सगळं गवत काढणं हीच या मोसमातली सर्वांत मोठी चूक, असं आमचं स्पष्ट मत आहे. तीन महिने त्या गवतात बेडूक, सरडे, उंदीर आणि त्यांच्यामागे आलेले साप राहत असतात. चारही बाजूंनी एकदम कापत आत गेलात तर ते सगळे मधल्या उरलेल्या झुडपात गोळा होतात आणि शेवटच्या अर्ध्या तासात विळ्याखाली येतात. माणसाला दंश होण्याचा धोकाही त्याच अर्ध्या तासात सर्वाधिक असतो.

घराच्या भिंतीपासून सुरुवात करा आणि धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, सरकत जा. आतल्या जिवांना बाहेर पडायला वाट मिळते, ते धुऱ्यावर किंवा शेतात निघून जातात. पहिल्या दिवशी घराभोवतीचा दहा-बारा फुटांचा पट्टा मोकळा करा, कारण घराशेजारचं गवतच खरं धोक्याचं. दोन-तीन दिवसांनी पुढचा पट्टा घ्या. कापण्याआधी लांब काठीने गवत हलवा, जमिनीवर काठी आपटा. सापाला हवेतला आवाज फारसा कळत नसला तरी जमिनीची थरथर लगेच कळते. ऊन चांगलं वर आल्यावरच विळा हातात घ्या. गुडघ्यापर्यंतचे गमबूट शक्य नसतील तर निदान जाड बूट आणि फुलपँट हवीच.

आणि धुऱ्याला लागून हात-दोन हात रुंदीची पट्टी तशीच राहू द्या. पुढे वांग्या-भेदऱ्यावरचा (टोमॅटोवरचा) मावा खाणारे ढालकिडे, क्रायसोपा नावाचे जाळीदार पंखांचे हिरवट किडे, कोळी त्या पट्टीतूनच परत वाडीत येतात. वाडी चकचकीत ठेवणाऱ्यांना ती पट्टी डोळ्यांत खुपते हे आम्हाला माहीत आहे. तरीही ठेवा.

गवतात काम केल्यावर ताप आला, अंगावर एक काळी खपली दिसली. काय असेल?

ताबडतोब डॉक्टरांकडे जा आणि ‘मी गवतात काम केलं होतं’ हे आपणहून सांगा. स्क्रब टायफस असू शकतो. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या आजाराची मोठी साथ आली होती आणि त्यात माणसं दगावली होती. गवत-झुडपांत राहणाऱ्या एका सूक्ष्म कोळीवर्गीय जिवाची अळी चावते आणि तिच्यातून जंतू शरीरात शिरतात. ही अळी डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. चावा कळतही नाही. नंतर त्या जागी विडीच्या चटक्यासारखी काळी, न दुखणारी खपली धरते, बहुतेक वेळा काखेत, जांघेत, कमरेला, म्हणजे आपण सहज पाहत नाही अशा ठिकाणी. जोडीला जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या औषधाने हा आजार बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसं, किडनी, मेंदू यांपर्यंत जातो. प्रत्येकाला खपली दिसतेच असं नाही, म्हणून ती नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

गवतावर उघड्या अंगाने बसू नका, कपडे काढून गवतावर ठेवू नका, घरी आल्याबरोबर साबणाने आंघोळ करा आणि ते कपडे धुवायला टाका. मृगात दिसणारा लाल मखमली किडा याच्याच दूरच्या नात्यातला, पण तो माणसाला काही करत नाही. त्याला मारू नका.

साप दिसला. विषारी आहे की बिनविषारी, कसं ओळखायचं?

आधी चार हात मागे व्हा, मग पाहा. ओळखण्यासाठी जवळ जायचं नाही.

विदर्भातल्या वाड्यांमध्ये बहुतेक वेळा दिसतात ते बिनविषारी साप: उंदरांमागे येणारी लांबलचक धामण, पाण्याजवळची दिवड, हिरवट गवत्या, भिंतीच्या फटीत राहणारा कवड्या, वेलीवर चढणारा तस्कर. माणसाच्या जिवाला खरा धोका चार सापांचा: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणसीला काही गावांत परड म्हणतात. ती जाड, तपकिरी, अंगावर साखळीसारखे गोल ठिपके असलेली असते. वाळल्या पाल्यात पडून राहिली तर दिसत नाही, आणि डिवचलं की कुकरच्या शिटीसारखा मोठा फुत्कार सोडते.

गफलत होते ती कवड्या आणि मण्यारीत. कवड्याचे पांढरे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढच्या भागात ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलट: मानेजवळ पट्टे नसतात किंवा पुसट असतात, मागे शेपटीपर्यंत ठळक होतात आणि बहुधा जोडीजोडीने येतात. रंग काळा, निळसर चमकदार. पण पिल्लांमध्ये हा फरक नीट कळत नाही आणि रात्री टॉर्चच्या उजेडात तर मुळीच नाही. शंका असेल तर मण्यार समजूनच वागा.

मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरून चावते. भाद्रपदातल्या उकाड्यात माणसं ओसरीवर, अंगणात अंथरूण टाकतात, तेव्हा खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या. मच्छरदाणीने मण्यारीपासून वाचलेली माणसं गावोगाव आहेत. भुलाबाई बसल्या की पोरी महिनाभर रोज संध्याकाळी या घरून त्या घरी गाणी म्हणत फिरतात. त्या वाटेवरचं गवत सर्वांत आधी काढा, दोन दिवे लावा, आणि पोरींच्या पायात चप्पल-बूट असल्याशिवाय त्यांना सोडू नका.

साप मारू नका. त्याची वाट मोकळी ठेवली तर तो निघून जातो. घरात शिरला असेल तर ओळखीच्या जाणत्या सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकाला कळवा आणि माणूस येईपर्यंत लांबून नजर ठेवा.

आणि चावलाच तर?

मंत्र, जडीबुटी, ब्लेडने चिरणं, तोंडाने ओढणं, दोरी आवळून बांधणं यातलं काहीही नको. दोरीने विष थांबत नाही, उलट हात-पाय निकामी होऊ शकतो. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा, कारण सूज येते. चावलेला भाग फळीने किंवा काठीने आधार देऊन हलणार नाही असा ठेवा, माणसाला चालू देऊ नका, १०८ ला फोन करा किंवा मोटारसायकलवर मध्ये बसवून मागून धरून जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्या. सर्पदंशाची लस या चारही सापांवर एकच असते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. मण्यारीच्या दंशाला सूज नसते, वेदनाही नसतात. पहाटे पोटात दुखायला लागलं, पापण्या जड झाल्या, बोलताना जीभ अडखळली तर पोटाचं औषध देत वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.

वाफा खणताना पांढरी मऊ अंडी निघाली. सापाची का?

बहुतेक वेळा ती बागेतल्या सरड्याची असतात. मादी भुसभुशीत मातीत वीतभर खाली खड्डा करून दहा-वीस अंडी घालते आणि माती थापून निघून जाते. अंडी बोटाच्या पेरापेक्षा लहान, लांबट, चामड्यासारख्या सालीची. सापाची अंडी याहून मोठी, बरेचदा एकमेकांना चिकटलेली.

दोन्हींत नियम एकच: अंड्याची वरची बाजू वरच राहू द्या. कोंबडीच्या अंड्यासारखं उलटंपालटं केलं तर आतलं पिल्लू मरतं. त्याच खड्ड्यात ठेवून माती ढकला आणि तेवढा कोपरा महिनाभर सोडून द्या. सरडा किडे खाऊनच जगतो, तेव्हा वाफ्यातला तेवढा कोपरा त्याला द्यायला आम्हाला तरी काही वाटत नाही.

सध्या पेरायचं काय?

गादीवाफे आधी करा. काळ्या जमिनीत सपाट वाफ्यात पाणी साचून रोपं मरतात, म्हणून वाफा वीतभर उंच हवा. वांगी, भेदरं, फुलकोबी, कोबी यांची रोपं सप्टेंबरात टाकली तर चार-पाच आठवड्यांत लावणीला येतात. रोपवाटिकेत बी दाट टाकलं की रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात. विरळ पेरा, पाणी सकाळी द्या, शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळा.

पालक आणि मुळा आताच पेरा. मेथी एकदम सगळी पेरू नका. आठ-आठ दिवसांच्या अंतराने एकेक वाफा पेरला तर महिन्याभराने सुरू होऊन भाजी सलग मिळत राहते. सांभाराला, म्हणजे कोथिंबिरीला, मात्र घाई नको. जमीन तापलेली असताना तो नीट उगवत नाही. ऑक्टोबरच्या मध्यानंतर, धने हलकेच रगडून दोन फाकी करून, रात्रभर भिजवून पेरा. लसूण ऑक्टोबरात, पाकळीचं टोक वर. गाजर, वाटाणा यांना थंडी लागते, ते दिवाळीकडे.

‘वालाचा नि पोपटाच्या शेंगांचा वेल नुसता माजला, शेंग काहून नाही?’ हा प्रश्न दर भाद्रपदात येतो. आपले गावरान वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. त्याला नत्राचं खत देऊ नका, शेंडे खुडा आणि वाट पाहा.

ऑक्टोबर हीट सुरू झाली की काळी जमीन भेगाळते आणि रोपांची मुळं तुटतात. सोयाबीनचं कुटार किंवा धानाचं तणस दोन-तीन बोटं जाड अंथरा, पाणी निम्म्यावर येतं. फक्त कुटाराचा ढीग घराच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. त्यात उंदीर येतात, उंदरांमागे साप, आणि विंचू तर आधीच असतो. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या यांच्या गंजीलाही हेच लागू.

वांग्याच्या पानांवर ठिपकेवाले गोल किडे आहेत. कुणी म्हणतं मित्रकीटक, कुणी म्हणतं मारा.

दोघंही बरोबर, कारण किडे दोन वेगळे आहेत. पाठ गुळगुळीत, चकचकीत लाल-केशरी, ठिपके थोडे किंवा नागमोडी पट्टे, आणि पानावर मावा: हा ढालकिडा, तो मावा खातोय. पाठ निस्तेज तांबूस, बारीक लव असलेली, ठिपके बारा किंवा अठ्ठावीस, आणि पान शिरांच्या जाळीपुरतं उरलेलं: हा पान खाणारा भुंगा. याच्या अळ्या पिवळ्या, काटेरी आणि पानाच्या खालच्या बाजूला असतात. ढालकिड्याची अळी राखाडी-काळी, सडपातळ, अंगावर केशरी डाग असलेली आणि फार चपळ. घाबरून लोक तिलाच आधी चिरडतात, आणि एक अळी मोठी होईपर्यंत शेकड्यांनी मावा खात असते.

पान खाणारा भुंगा सकाळी गारव्यात सुस्त असतो. साबणाच्या पाण्याचं भांडं खाली धरून फांदी झटका. फारच असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क: लिटरमागे ५० ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबण घाला, संध्याकाळी फवारा. उन्हात त्याचा गुण लवकर उडतो.

लिंबाच्या झाडावर पक्ष्याची शीट पडावी तशा अळ्या आहेत.

ती लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी. शीट वाटावी म्हणूनच ती तशी असते, पाखरं दुर्लक्ष करतात. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुशिंगी अवयव बाहेर काढते, उग्र वास सोडते. कढीपत्त्यावरही अशाच अळ्या दिसतात. झाड मोठं असेल तर राहू द्या, काही होत नाही. कलम लहान असेल तर अळ्या पानासकट उचलून घरच्या जुन्या लिंबावर, कढीपत्त्यावर किंवा बेलावर सोडा.

संत्र्याचा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात आंबिया बहाराच्या (हिवाळ्याअखेर फुललेल्या) फळाला रात्री एक मोठा पतंग सोंड खुपसून रस ओढतो, छिद्राभोवती फळ सडतं आणि गळतं. याच्या अळ्या संत्र्यावर वाढत नाहीत, त्या धुऱ्यावरच्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात. संत्रा बागेला लागून असलेली गुळवेल काढावी, औषधाला हवी असलेली बागेपासून लांब लावावी, गळलेली फळं रोज उचलून पुरावी आणि संध्याकाळी बागेत धूर करावा. फळं खाली सडू दिली तर त्या वासावर आणखी पतंग येतात.

आकाशात चतुरांचे थवे का दिसतात?

पिवळसर-तांबूस रंगाचे हे चतुर पावसाच्या डबक्यांत वाढलेले असतात. पाऊस मागे हटताना ते वाऱ्याबरोबर दक्षिणेकडे निघतात. हेच चतुर मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातात, असं जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. वाडीवर ते घिरट्या घालतात ते डास, चिलटं टिपायला. त्या दिवशी फवारणी करू नका, एवढीच विनंती.

गाजरगवत उपटायचं की कापायचं?

उपटायचं, ओली जमीन असताना, फूल येण्याआधी, हातमोजे घालून आणि नाक-तोंड झाकून. अंगाला खाज येते, दमा असणाऱ्यांनी तर हात लावू नये. फुलावर आलेलं झाड खताच्या खड्ड्यात टाकू नका. पानांवर दुधाळ रंगाचे, पाठीवर काळपट नागमोडी रेघा असलेले भुंगे दिसले तर ती झाडं उभी ठेवा. हा मेक्सिकन भुंगा गाजरगवतासाठीच १९८० च्या दशकात भारतात आणला गेला. भरपूर असतील तर डब्यात भरून शेजाऱ्याच्या गाजरगवतावर सोडा.

शंखी गोगलगायी रोपं रात्रीतून साफ करतात.

गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी वाफ्याभोवती पसरा. पहाटे त्यांच्याखाली गोळा झालेल्या गोगलगायी हातमोजे घालून मिठाच्या पाण्यात टाका. मीठ जमिनीवर फेकू नका, माती नासते.

वानर, रोही (नीलगाय), रानडुकरं काही ठेवत नाहीत. कुंपणाला करंट लावावा का?

नाही. खांबावरची वीज तारेत सोडणं हा गुन्हा आहे, आणि विदर्भात अशा तारांनी वाघ, बिबटे मेले आहेत, तसेच रात्री पाणी द्यायला निघालेले शेतकरीही मेले आहेत. लागेल तर सौर झटका मशीन लावा, त्याचा धक्का क्षणभराचा असतो.

तुमचा राग आम्हाला समजतो. वर्षाची भाजी एका रात्रीत तुडवली जाते तेव्हा समजूत घालून भागत नाही. रोही जुन्या साड्यांच्या कुंपणाला काही काळ बिचकतो, पण साड्यांची जागा अधूनमधून बदलावी लागते. डुकरासाठी कुंपणाची खालची बाजू मजबूत हवी, तो सहसा उडी मारत नाही, खालून घुसतो. सायाळ रताळी आणि सुरण उकरते, तिथे वाफ्याभोवती दगड गाडा. वानरांपुढे कुंपणाचा उपयोग नाही. त्यांच्या वाटेवर लसूण, हळद, मिरची, कारली लावा आणि भेदरं, वाल घराजवळ, माणसांच्या वावरात ठेवा. वानरांना देवाचं म्हणून पोळी टाकणं थांबवलं नाही तर बाकी सगळे उपाय व्यर्थ. शेतात नुकसान झालं तर फोटो काढून लगेच वनरक्षकाकडे अर्ज द्या.

आमचं गाव जंगलाला लागून आहे. पहाटे वाडीत जावं का?

ताडोब्याच्या बफरमध्ये, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलकडच्या गावांत नीट उजाडल्याशिवाय जाऊ नका. या दिवसांत धान, तूर, कापूस उंच असतात आणि बिबट अगदी घरामागपर्यंत लपत येऊ शकतो. तो येतो कुत्रं, कोंबडी, वासरू यांच्यासाठी. वाकून किंवा बसून काम करणारा माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो, म्हणून निंदायला एकट्याने बसू नका. एकाने उभं राहून लक्ष ठेवावं, बोलत राहावं. कोठ्याला दार हवं, कोंबड्यांचा खुराडा पक्का हवा, मेलेलं जनावर गावाजवळ टाकू नये. पायाचे ठसे दिसले तर त्यांवर टोपलं झाका आणि वनविभागाला बोलवा.

दसऱ्याला नीलकंठ दिसावा म्हणून काय करता येईल?

वाडीत एखादा उंच वाळका खांब किंवा फांदी उभी ठेवा. नीलपंख, म्हणजेच नीलकंठ, तिथे बसून नाकतोडे, टोळ, भुंगे टिपतो. खांब राखला आणि फवारणी टाळली तर तो दसऱ्यालाच काय, हिवाळाभर दिसेल. पिंजऱ्यात धरलेला नीलकंठ दाखवून पैसे मागणारा आला तर पैसे देऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार पक्षी पकडणं गुन्हा आहे. सप्टेंबरपासून धोबी पक्षीही येऊ लागतात, ओल्या वाफ्यांतून शेपटी हलवत किडे वेचतात. आणि सोन्यासाठी आपट्याची झाडं ओरबाडू नका, चार पानं पुरतात.

कापलेलं गवत, पालापाचोळा जाळला तर चालेल?

जाळू नका. ढिगात बेडूक, सरडे, कोळी, गोम असतात, ते आत भाजतात, आणि तेच कुजवलं तर उन्हाळ्यापर्यंत खत होतं. वाडीच्या लांबच्या कोपऱ्यात, घरापासून वीस-पंचवीस फुटांवर, पाल्याचा एक थर आणि शेणकाल्याचा एक थर असा ढीग लावा. पाणी मधूनमधून शिंपा, दीड महिन्याने उलटा. उलटताना हात घालायचा नाही, लांब दांड्याचं फावडं किंवा सब्बल वापरायची, आणि दुपारच्या उजेडात.